डोंगराची हवा आणि डोंगराची वाट

मे महिना जवळ आला की घराघरांत एकच प्रश्न फिरू लागतो, यंदा सुट्टीत कुठे जायचे? शाळेत तर हा प्रश्न वार्षिक परीक्षेच्या आधीच येऊन पोहोचतो. आमच्या नववीच्या वर्गाला आम्ही ‘मला आवडेल अशी सहल’ हा निबंध दिला होता. काश्मीर, अजमेर, रायगड, समुद्र अशी नेहमीची उत्तरे आलीच. पण या वेळी बऱ्याच वह्यांमध्ये विमान होते, आणि तेही तिकीट काढून बसायचे नव्हे, स्वतःचे. आपले छोटे विमान थेट डोंगरावर उतरेल, तिथे जुना राजवाड्यासारखा बंगला असेल, गरम पाण्याचा हौद असेल, अंग चोळून देणारे लोक असतील आणि खाली ढग दिसतील. मोबाईलवर दिवसभर जे दिसते, तेच वहीत उतरले होते. एका मुलीने मात्र वेगळे लिहिले होते. तिच्या दादीला दम लागतो, गुडघे दुखतात, आणि दादीला एकदा तरी डोंगरावरून खाली बघायचे आहे. कसे न्यावे ते मला माहीत नाही, असे लिहून तिने निबंध संपवला होता.

मुलांनी स्वप्ने पाहावीत, त्यात हसण्यासारखे काही नाही. पण पालकांशी बोलताना लक्षात आले की हे स्वप्न मोठ्यांच्याही डोक्यात शिरले आहे. आमच्या ओळखीच्या एका घरात लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी हेलिकॉप्टरची फेरी आणि डोंगरावरच्या हॉटेलात दोन रात्री असा बेत चालला होता, तोही हप्त्यांवर. त्याच घरातल्या मुलीची बी.एड.ची फी भरायची बाकी होती. म्हणून या महिन्यात डोंगर, तिथली हवा आणि तिथे जाण्याची वाट यांविषयी थोडे बोलू या.

आधी मुलांच्या विमानाकडे पाहू. असे डोंगर जगात खरोखर आहेत. ‘स्पा’ हा शब्दच मुळी बेल्जियममधल्या स्पा नावाच्या गावावरून आला. तिथल्या झऱ्यांच्या पाण्याने तब्येत सुधारते म्हणून युरोपभरचे लोक तिथे जात. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या डोंगरांत हॉट स्प्रिंग्ज नावाचे गाव आहे. तिथे गरम झऱ्यांजवळ १७६६ पासून पाहुण्यांची सोय आहे, आणि जवळच डोंगरमाथ्यावर ३,७९३ फूट उंचीवर छोट्या विमानांसाठी धावपट्टी आहे. पैसेवाले लोक स्वतःच्या विमानाने येतात, दोन दिवस राहतात आणि उडून जातात. आपल्या महाराष्ट्रातही लोणावळ्याजवळ सह्याद्रीत अ‍ॅम्बी व्हॅली ही खासगी वसाहत उभी राहिली, तिच्यात स्वतःची धावपट्टी बांधली गेली. पुढे गुंतवणूकदारांच्या पैशांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१७ मध्ये न्यायालयाने या मालमत्तेच्या जप्तीचा आणि लिलावाचा आदेश दिला.

मुलांना वाटते तसे विमान कुठेही उतरत नाही. डोंगरावर सपाट जागा कमी. उंचावर आणि उन्हाळ्यात हवा विरळ असते, त्यामुळे पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते आणि धावपट्टी जास्त लांब लागते. ढग खाली आले की छोट्या विमानाच्या पायलटला परत फिरावे लागते, आणि त्याने फिरलेच पाहिजे. भाड्याने विमान घेतले तर तासाचा दर लाखाच्या घरात किंवा त्याहून पुष्कळ वर जातो. ते आपल्याला सोडून रिकामे परत जाते, त्या रिकाम्या फेरीचे पैसेही बहुधा आपल्याकडूनच घेतले जातात. उतरण्याचे आणि उभे करण्याचे शुल्क वेगळे. एवढे करून महाबळेश्वरला विमानतळ नाहीच, पुण्याला उतरून पुन्हा मोटारीने घाट चढायचा. माथेरानला तर मोटारही वर जात नाही.

हवेचे म्हणाल तर ट्रान्सपोर्ट अँड एन्व्हायर्न्मेंट या युरोपीय संस्थेने २०२१ मध्ये हिशेब मांडला होता. खासगी जेट दर प्रवाशामागे साध्या प्रवासी विमानाच्या ५ ते १४ पट प्रदूषण करते आणि रेल्वेच्या सुमारे ५० पट. म्हणजे ज्या स्वच्छ हवेसाठी एवढे वर जायचे, तीच वाटेत खराब करायची.

विमानाशी आमचे भांडण नाही. आपल्या चिकलठाणा विमानतळावरून हजची विमाने गेली आहेत. आजारी माणसाला तातडीने मोठ्या शहरात नेणारे विमान ही तर दुआ घेणारी गोष्ट आहे. ज्या मुलांना विमान खरेच आवडते, त्यांना आम्ही वर्गात सांगितले की ते चालवायला शिका. दहावी पास आणि वय १७ पूर्ण असले की खासगी पायलटचा परवाना मिळवता येतो, त्यासाठी किमान ४० तासांचे उड्डाण लागते. व्यावसायिक परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे, शिवाय २०० तासांचे उड्डाण. हे ऐकून मागच्या बाकावरच्या दोघांनी गणिताचे पुस्तक बाहेर काढले. एवढे झाले तरी निबंधाचे सार्थक झाले म्हणायचे.

आता डोंगराकडे वळू. आपल्याकडची थंड हवेची ठिकाणे मौजेसाठी वसली असे आपण समजतो. खरे तर ती आजारी माणसांसाठी वसली. उन्हाळ्याचा ताप, हिवताप, क्षय यांनी खंगलेल्या इंग्रज सैनिकांना आणि अधिकाऱ्यांना बरे व्हायला उंचावर पाठवत. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार केला, वाईजवळचे खंडाळा गाव दिले आणि महाबळेश्वरचा मुलूख घेतला. तिथल्या पेठेला माल्कमचे नाव पडले. माथेरान १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने पाहिले आणि तिथे बंगले उठू लागले. पाचगणीत १९१२ मध्ये डॉ. बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर हे आरोग्यधाम सुरू केले. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये शोधला होता, पण त्यावरचे पहिले परिणामकारक औषध स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ साल उजाडले. मधली साठ वर्षे डॉक्टरांच्या हातात मुख्यतः तीनच गोष्टी होत्या, विश्रांती, सकस खाणे आणि मोकळी हवा. आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी असलेला ‘हवापालट’ हा शब्द तिथूनच घट्ट झाला.

पण ज्याला हवापालट हवा तो बहुधा चालू शकत नसे. मग तो वर कसा जाई? दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर. नेरळहून माथेरान चढायचे तर तट्टू, पालखी किंवा आपले पाय. पालखीत बसणाऱ्याची तब्येत सुधारायची, उचलणाऱ्या भोयाच्या खांद्याचे काय होत असेल ते कुणी लिहून ठेवलेले नाही. गरिबाघरचा क्षयरोगी तर या हिशेबात बसतच नव्हता.

माथेरानची ही अडचण ज्या घराण्याने सोडवली, त्याची माहिती आपल्या मुलांना असायला हवी. सर आदमजी पीरभॉय हे मुंबईचे दाऊदी बोहरा उद्योजक. लष्कराला तंबू पुरवण्याचा त्यांचा मोठा व्यवसाय होता. चर्नी रोडला त्यांच्या नावाचे सॅनेटोरियम आहे. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी नेरळ ते माथेरान रेल्वे बांधायचे मनावर घेतले आणि वडिलांनी पैसा उभा केला. काम १९०४ मध्ये सुरू झाले, १९०७ मध्ये गाडी धावली. खर्च आला १६ लाख रुपये, त्या काळचे.

पायथ्याच्या नेरळपासून माथेरानच्या साधारण ८०० मीटर उंचीपर्यंत ही रेल्वे सुमारे २१ किलोमीटर वळणे घेत चढते. दोन रुळांमधले अंतर अवघे दोन फूट. चढ काही ठिकाणी २० फुटांना १ फूट. डोंगरी रेल्वेत चढ फार झाला की गाडी पुढे नेऊन, मागे ढकलून, पुन्हा पुढे न्यावी लागते. इथे तसे करायला नको म्हणून रुळ घोड्याच्या नालासारखे वळवत नेले. अशा तीव्र वळणांवर अडकू नयेत म्हणून खास वळते आस असलेली चार वाफेची इंजिने जर्मनीच्या ओरेन्स्टाईन अँड कॉपेल कारखान्यातून आणली. वाटेत जुम्मापट्टी, वॉटरपाईप, अमन लॉज अशी स्टेशने लागतात. एक छोटासा बोगदाही आहे, त्याचे रसिक प्रवाशांनी ठेवलेले इंग्रजी नाव आपल्या घरगुती मासिकात लिहिण्यासारखे नाही, म्हणून सोडून देतो.

या रेल्वेचा सल्लागार अभियंता होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. आपल्या बाजूच्या जुन्या लोकांना हे नाव नाही तरी त्याचे काम माहीत आहे. कुर्डुवाडी, बार्शी, लातूर ही बार्शी लाइट रेल्वे त्याचीच. या माणसाचा विमानाशीही संबंध आला. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, म्हणजे रोल्स-रॉइस मोटारीतला रोल्स, १९१० मध्ये विमान कोसळून वारला. त्यानंतर कॅलथ्रॉपने वैमानिकांचा जीव वाचवणारे पॅराशूट तयार करण्याच्या कामाला वाहून घेतले. डोंगरावर न्यायचे असो की आकाशातून खाली आणायचे असो, माणूस सुखरूप पोहोचला पाहिजे, हा त्याचा ध्यास दिसतो.

पीरभॉय कुटुंबाने ही रेल्वे खैरात म्हणून बांधली असे आम्ही म्हणणार नाही. तो व्यवसाय होता, तिकीट होते, डब्यांचे वर्ग होते. पण १६ लाखांत त्या घराण्याला स्वतःसाठी बंगले, घोडे आणि पालख्यांचा ताफा सहज ठेवता आला असता. पैसा रुळांवर गेला, म्हणून सव्वाशे वर्षांनी आपल्यासारखा शिक्षक, कारकून, दुकानदार त्याच रुळांवरून वर जातो. २६ जुलै २००५ च्या पावसात रुळ वाहून गेले, २००७ मध्ये गाडी पुन्हा सुरू झाली. २०१९ च्या पावसाने पुन्हा तोडले, ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा नेरळहून गाडी निघाली. सगळ्यांच्या वापरातली गोष्ट तुटली की ती जोडायला लोक मागे लागतात.

आम्ही स्वतः काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत माथेरानला गेलो होतो. घरातले सहा जण, त्यात आमच्या अम्मी. वय ७२, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, जिना चढला की दम. त्यांचे थोरले भाऊ तरुणपणी कल्याणला नोकरीला होते, ते सुट्टीत आले की छोट्या गाडीच्या गोष्टी सांगायचे. चाळीस वर्षे अम्मींच्या मनात ती गाडी होती. रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने आम्ही सकाळी कल्याणला उतरलो, तिथून कर्जत लोकलने नेरळ, आणि नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत. मोटारी इथेच थांबतात. पुढे बाजारापर्यंत अडीच-तीन किलोमीटर लाल मातीची वाट.

नाक्यावर हातरिक्षावाले उभे होते. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, दोन मोठ्या चाकांची गाडी, एक माणूस पुढून ओढतो, चढावर आणखी दोघे मागून ढकलतात. पन्नाशीचा एक जण पुढे आला आणि म्हणाला, “आजी, बसा. हळू नेतो, हादरा बसू देणार नाही.”

अम्मी त्याच्या पायांकडे पाहत राहिल्या. झिजलेली चप्पल, घोट्यापर्यंत लाल धूळ. म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे. तुम्ही ओढणार आणि मी बसणार, हे मला जमायचे नाही.”

तो रागावला नाही. फक्त म्हणाला, “आजी, सगळे असेच म्हणाले तर आमच्या घरी चूल कशी पेटणार?”

आम्ही सगळे गप्प. वर्गात आम्ही मुलांना माणसाच्या प्रतिष्ठेचा धडा शिकवतो. त्या धड्याच्या खाली असा प्रश्न छापलेला नसतो. अम्मींचे म्हणणे खरे होते, त्याचेही खरे होते. शेवटी अम्मींनीच मार्ग काढला. सगळ्या बॅगा त्याच्या गाडीत ठेवल्या, त्याने सांगितले ते भाडे कबूल केले, घासाघीस केली नाही. अम्मी काठी टेकत अमन लॉज स्टेशनपर्यंत गेल्या. तिथून माथेरानपर्यंत रेल्वेची छोटी फेरी चालते. खिडकीशी जागा मिळाली. शेजारी पुण्याचे एक वृद्ध जोडपे, समोर किराण्याच्या पिशव्या घेतलेली माथेरानचीच एक बाई, दारात शाळेची पोरे. गाडी माणसाच्या धावण्याएवढ्या वेगाने निघाली. दरी दिसली तेव्हा अम्मी काही बोलल्या नाहीत. ओढणीच्या टोकाने डोळे पुसले आणि आमच्या धाकट्याला म्हणाल्या, “तुझे मामू-दादा खोटे नव्हते सांगत.”

बॅगा आमच्या आधी पोहोचल्या होत्या. चहा पिताना त्या भाऊंनी सांगितले की मुलगा बारावीला आहे, कर्जतला शिकतो. “त्याच्या हातात हा दांडा द्यायचा नाही,” एवढेच म्हणाले. पावसाळ्यात धंदा बसतो, छातीत दुखते, दुसरे काम मिळत नाही, हेही त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितले नाही, हवामान सांगावे तसे सांगितले.

पुढे ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला तेव्हा आम्हाला ते आठवले. माणसाने माणसाला ओढणे हे अमानवी आहे, ही प्रथा सहा महिन्यांत बंद करा, आणि ई-रिक्षा त्याच हातरिक्षा चालवणाऱ्यांना द्या, असे न्यायालयाने सांगितले. पंजाबच्या रिक्षाचालकांच्या १९८० च्या प्रकरणात याच न्यायालयाने माणसाला मालकीची रिक्षा मिळावी म्हणून योजना मांडली होती, तिचाही दाखला निकालात आला. माथेरानमध्ये तेव्हा असे ९४ परवानाधारक हातरिक्षावाले होते. आदेशाचा दुसरा भाग आम्हाला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. नुसती रिक्षा बंद केली असती तर अम्मींचे मन शांत झाले असते आणि त्या भाऊंची चूल विझली असती. ई-रिक्षा त्यांच्याच हाती आली तर दोन्ही प्रश्न एकदम सुटतात. माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, धूर सोडणारी वाहने तिथे चालणारच नाहीत, म्हणून विजेवर चालणारी रिक्षा.

आता त्या हप्त्यांच्या बेताकडे येऊ. एक लाख रुपयांचे कर्ज, वर्षाला १६ टक्के दर, २४ हप्ते, असा साधा हिशेब आम्ही त्या घरी कागदावर करून दाखवला. महिन्याला सुमारे ४,९०० रुपये आणि शेवटी सुमारे १ लाख १७ हजार ५०० भरायचे. व्याजाविषयी आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको, पण निव्वळ अंकगणितानेही हे जड आहे. दोन रात्री संपतात, फोटो आठवड्यात जुने होतात, हप्ता मात्र दोन वर्षे दर महिन्याच्या ५ तारखेला दारात उभा. त्यात मुलीची फी अडली तर तिचे एक वर्ष वाया. आम्ही एवढेच विचारले की या सहलीत अब्बाजानही येणार का? हेलिकॉप्टरमध्ये चौघांचीच जागा, ते कसे येणार, असे उत्तर आले. ते बोलून झाल्यावर घरातल्या वहिनींनीच कागद घडी करून ठेवला. फी भरली गेली. वाढदिवसाला सगळे घर एका रविवारी म्हैसमाळला गेले, अब्बाजानसह.

म्हैसमाळचे नाव काढले की छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादचे लोक नाक मुरडतात. घरचा डोंगर ना! पण मुलांना विचारून पाहा, माथेरान उंच की म्हैसमाळ? माथेरान साधारण ८०० मीटर, आपले म्हैसमाळ समुद्रसपाटीपासून १,०६७ मीटर. खुलताबादहून पुढे १२ किलोमीटर, शहरातून ४० किलोमीटरच्या आसपास. पावसाळ्यात धुके एवढे उतरते की समोरची गाडी दिसत नाही. मोटार वरपर्यंत जाते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांची अडचण नाही. वाटेत खुलताबादला मलिक अंबर यांची कबर आहे. आपल्या शहराचा पाया ज्यांनी खडकी नावाने घातला आणि नहरींनी पाणी आणले, त्यांच्याविषयी मुलांना सांगायला याहून चांगली जागा नाही. उन्हाळ्यात मात्र भर दुपारी तिथेही ऊन लागते, पहाटे निघून दहापर्यंत वर पोहोचावे किंवा पहिल्या पावसानंतर जावे.

ज्यांना माथेरानच करायचे आहे त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी. नेरळहून वरपर्यंतची पूर्ण गाडी पावसाळ्यात बंद असते, अमन लॉज ते माथेरान फेरी बहुधा चालू राहते. निघण्याआधी रेल्वेकडून वेळा खात्री करून घ्या. नेरळहून गाडीने वर जायला अडीच तासांच्या आसपास लागतात, वृद्धांना एवढा वेळ बसवत नसेल तर टॅक्सीने दस्तुरी आणि तिथून फेरी हे सोपे. तिकिटाची रांग लांब असते, घरातल्या तरुणाला पुढे पाठवा. लाल धुळीने दम्याच्या माणसाला त्रास होतो, मास्क आणि नेहमीचा पंप हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. हॉटेल ठरवताना खिडकीतून दरी दिसते का, हे नंतर विचारा. आधी विचारा की स्टेशनपासून किती पावले आणि किती पायऱ्या. हृदयाचा किंवा श्वासाचा जुना आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच निघा. हवापालट हे औषधाच्या जागी घ्यायचे नसते.

आणि बेत आखण्याची एक पद्धत आम्ही त्या प्रवासानंतर घरात लावून घेतली आहे. नकाशा उघडण्याआधी घरातला सर्वांत हळू चालणारा माणूस कोण, ते ठरवायचे. दादी असेल, बाळंतीण सून असेल, पायात दोष असलेला मुलगा असेल. त्याला जमेल ती वाट, त्याला झेपेल तेवढाच दिवस. बाकीच्यांना यात काही गमवावे लागत नाही. आमच्या मुलांनी माथेरानमध्ये अम्मींसोबत बाकावर बसून जितकी माकडे मोजली तितकी धावताना मोजली नसती. दुसरे म्हणजे ज्याच्या पाठीवर आपले सामान चढते त्याच्याशी भाड्यावरून घासाघीस करायची नाही, आणि त्याचा चहा आपल्या हिशेबात धरायचा.

निबंधातल्या त्या मुलीच्या वहीत आम्ही लाल शाईने शेरा लिहिला नाही. वेळापत्रक लिहून दिले, देवगिरी, कल्याण, नेरळ, दस्तुरी, अमन लॉज, आणि त्याखाली म्हैसमाळचा सोपा मार्ग. तिच्या अब्बांचा रिक्षा चालवण्याचा धंदा आहे. खुलताबादपर्यंत तर आपलीच रिक्षा जाईल, असे ती दुसऱ्या दिवशी सांगायला आली.

आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी कोणता डोंगर, कोणते गाव, कोणती गाडी मनात ठेवली आहे, हे या सुट्टीआधी एकदा विचारून बघा. पुष्कळदा ते आपल्याला वाटते त्याहून जवळ आणि स्वस्त असते. पुढच्या महिन्यात शाळाप्रवेशाच्या कागदपत्रांविषयी बोलू. तोवर प्रवास सुखाचा होवो.